पोर्ट्रेटच्या मागे कुठला रंग? बॅकग्राउंड ठरवायची माझी पद्धत

चेहरा रंगवून झाला, डोळे झाले, ओठ झाले, केसही झाले, मागे मात्र पांढराशुभ्र कॅन्व्हास तसाच, आणि मग प्रश्न येतो की आता मागे कुठला कलर देऊ? खूप जण हे विचारतात. आहे त्या चित्राचं काय करायचं ते पुढे सांगतेच, पण पुढच्या पोर्ट्रेटपासून हा प्रश्न चेहऱ्याला हात लावायच्या आधी विचारायचा हे आधी पक्कं करा. कारण बॅकग्राउंड ही शेवटी भरायची रिकामी जागा नाहीच, त्वचेचा रंग कसा दिसणार हे अर्धंअधिक तीच ठरवते.

हे खरं वाटत नसेल तर घरी करून बघा. यलो ऑकर (मातकट पिवळा), थोडा लाल आणि पांढरा मिसळून एकच त्वचेचा रंग बनवा आणि त्याचे रुपयाएवढे ठिपके तीन कागदांवर द्या, एक पांढरा, एक मधला राखाडी, एक गडद तपकिरी. रंग तोच, ब्रश तोच. पांढऱ्यावर तो ठिपका चक्क सावळा आणि मळकट दिसेल, गडद तपकिरीवर तोच उजळ, जवळजवळ खडूसारखा दिसेल, आणि राखाडीवर कुठे तो तुम्ही पॅलेटवर बघितला होता तसा दिसेल. पॅरिसच्या गोबलाँ या टॅपेस्ट्री विणणाऱ्या कारखान्यात धागे रंगवण्याचं काम बघणारे केमिस्ट शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा हवा तेवढा काळा दिसत नाही, त्यांनी तपासलं तर डाय व्यवस्थित होता, शेजारी असलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा फिका वाटत होता. १८३९ साली त्यांनी यावर आख्खं पुस्तक काढलं. आपल्या पोर्ट्रेटमध्ये नेमकं तेच होत असतं, फक्त धाग्याच्या जागी गाल आणि कपाळ असतं.

म्हणून पांढऱ्या कॅन्व्हासवर थेट चेहरा सुरू करणं मला पटत नाही. पांढऱ्यासमोर प्रत्येक शेड जास्त गडद वाटते, त्यामुळे हात आपोआप रंगात पांढरा ढकलत जातो, चेहरा फिका होत जातो, आणि शेवटी मागे गडद रंग लावला की तोच चेहरा पावडर थापल्यासारखा फटफटीत दिसतो, मग लोक म्हणतात बॅकग्राउंड चुकला, तर तसं नसतं, चेहरा चुकीच्या शेजारावर बघून मिक्स केलेला असतो. सुरुवातीलाच रॉ अंबर (मातकट तपकिरी) पातळ करून कॅन्व्हासवर फिरवा, कापडाने पुसून मधल्या टोनवर आणा आणि ड्रॉइंग झालं की डोक्याच्या दोन्ही बाजूंना बॅकग्राउंडचा अंदाजे रंग पातळ का होईना लावून टाका. फायनल नसला तरी चालेल. चेहऱ्यातली प्रत्येक शेड मग त्याच्याशी ताडून लागते.

आता रंग ठरवायचा कसा. निळा घेऊ की हिरवा इथून सुरू करू नका, तो सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. आधी टोन, म्हणजे किती गडद किती फिका, मग गरम (लाल-पिवळ्याकडचा) की थंड (निळ्याकडचा), मग किती भडक किती मळका, आणि हे तिन्ही ठरलं की रंगाच्या नावाला फारसे पर्याय उरतच नाहीत. टोन बरोबर असेल तर बॅकग्राउंड जांभळा असो की हिरवा, चित्र उभं राहतं. टोन चुकला तर जगातला सुंदर रंग लावा, चेहरा मागेच ओढला जातो.

टोनसाठी डोळे बारीक करून बघायचं, इतके बारीक की डिटेल दिसेनासे होतात आणि फक्त गडद-फिके आकार उरतात. मग काडेपेटीएवढ्या चौकोनात पेन्सिलने फक्त तीन टोनमध्ये पोर्ट्रेट काढायचं, गडद, मधला, फिका. बॅकग्राउंड एकदा गडद, एकदा मधला, एकदा फिका ठेवून तीन-चार करा, पाच मिनिटांचं काम आहे. बघायचं एवढंच की सगळ्यात जोरदार गडद-फिकं कुठे भेटतंय. ते चेहऱ्यापाशी भेटायला हवं. मागे काळोख आणि अंगात पांढरा शर्ट असेल तर नजर खांद्यावर जाऊन बसते, चेहऱ्याकडे येतच नाही, तेव्हा एक तर मागचा रंग खांद्याजवळ उजळ करायचा नाहीतर शर्ट सावलीत घालायचा.

एक उदाहरण नीट खोलात घेऊ. समजा गव्हाळ वर्णाचा माणूस, काळे केस, पांढरा शर्ट, उजेड डावीकडच्या खिडकीतून. काळ्याला ० आणि पांढऱ्याला १० धरलं तर उजेडातला गाल साधारण ६-७ वर येतो, सावलीतला गाल ३-४ वर, केस १-२ वर, शर्ट उजेडात ९. मागे ९ चा फिका रंग दिला तर शर्ट मागे विरघळतो, केस आणि सावलीतला गाल मिळून एक मोठा काळा ठोकळा होतो आणि उजेडातला गालसुद्धा मागच्यापेक्षा गडद पडल्यामुळे चेहऱ्यावर उजेड आहे असं वाटतच नाही. १ चा गडद दिला तर केस गायब, चेहऱ्याचा मुखवटा तेवढा तरंगतो, आणि शर्ट किंचाळतो. ४-५ वर ठेवा, म्हणजे उजेडातला गाल पुढे येतो, सावलीतला गाल मागच्या रंगात जवळजवळ मिसळतो पण हरवत नाही, केसांचा आकार वाचता येतो. त्यातही उजेडाच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, बॅकग्राउंड ३-४ पर्यंत खाली न्या आणि सावलीच्या बाजूला ५ पर्यंत वर न्या. लिओनार्दोच्या नोट्समध्ये हाच सल्ला आहे, उजळ बाजूच्या मागे गडद, गडद बाजूच्या मागे उजळ, आणि रेम्ब्रांटची पोर्ट्रेट्स या नजरेने बघितली तर वरवर नुसत्या तपकिरी वाटणाऱ्या मागच्या भिंतीत केवढी हालचाल आहे ते कळतं.

सावळ्या किंवा काळ्या त्वचेच्या पोर्ट्रेटला मागे पांढरा किंवा क्रीम द्यायची सवय खूप जणांना आहे, चेहरा उठून दिसावा म्हणून. उठून दिसते ती फक्त आउटलाइन. आतले टोन, गालावरचा तांबूसपणा, कपाळावरची निळसर चमक, हे सगळं पांढऱ्याच्या शेजारी दबून जातं आणि चेहऱ्याची सिलुएट होते. अशा त्वचेत उजेडाची बाजू ४-५ आणि सावली २ च्या आसपास असते, म्हणून मागे ५-६ चा मधला रंग ठेवा, मळका गुलाबी, मातकट पिवळा, धुरकट निळा, काहीही सुंदर दिसतं. किंवा उलट जाऊन २-३ चा गडद उबदार रंग ठेवा आणि त्वचेवरच्या चमकेला काम करू द्या. हा दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, त्यात त्वचेची श्रीमंती खरी कळते. अगदी गोऱ्या त्वचेला याच्या उलट काळजी घ्यायची, तिच्यामागे अगदी काळा लावला की ती पिठासारखी दिसते. चित्रकार सार्जंटचं १८८४ चं मादाम एक्स हे एका बाईचं पोर्ट्रेट बघा, त्वचा जवळजवळ फिक्या जांभळट पांढऱ्यावर गेलेली, ड्रेस काळा, आणि मागे शांत मधला तपकिरी. त्या तपकिरीमुळे गोरेपणाही टिकतो आणि ड्रेसचा काळाही.

टोन ठरला की गरम-थंड. त्वचा कुठल्याही वर्णाची असली तरी मुळात ती नारिंगीच्याच कुटुंबातली असते, कमी-जास्त मळकी, कमी-जास्त गडद. त्यामुळे मागे थोडा थंड रंग दिला की चेहरा आपसूक गरम आणि पुढे आलेला वाटतो. पण थंड म्हणजे निळ्या ट्यूबचं झाकण उघडायलाच हवं असं नाही. नुसता आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा मिसळून केलेला राखाडी त्वचेच्या शेजारी ठेवा, तो निळसर दिसायला लागतो. त्यात यलो ऑकर घाला, हिरवट राखाडी मिळेल, आणि नवीन शिकणाऱ्याला एकच बॅकग्राउंड सुचवायचा झाला तर मी हाच सुचवीन. काळा, ऑकर, पांढरा. गालातला आणि कानातला लालपणा याच्यासमोर जिवंत होतो, कपड्यांशी भांडत नाही, आणि मिक्स बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही. फक्त लक्षात ठेवा की मागचा हिरवा जितका वाढेल तितका चेहरा लाल दिसणार, आधीच लालबुंद गालांचा माणूस असेल तर तो ताप आल्यासारखा दिसेल, तिथे हिरवा कमी करून तपकिरीकडे या. आणि मागे लाल वाढवलात तर चेहरा हिरवट-पिवळट, आजारी दिसतो.

मग लाल बॅकग्राउंड द्यायचाच नाही का? द्यायचा, पण हिंमतीने आणि समजून. स्पॅनिश चित्रकार वेलाझकेझने १६५० च्या सुमारास दहाव्या इनोसंट पोपचं पोर्ट्रेट केलं, मागे लाल पडदा, खुर्ची लाल, खांद्यावरचं वस्त्र लाल, टोपी लाल, चेहराही तांबूस. चालतं कारण प्रत्येक लाल वेगळा आहे, कुठे थंड किरमिजी, कुठे उबदार, कुठे तपकिरीत गेलेला, आणि मांडीवरचं पांढरं वस्त्र डोळ्याला बसायला जागा देतं. ट्यूबमधला एकच लाल सगळीकडे फिरवून हे होत नाही.

भडकपणाबद्दल माझा साधा नियम, चेहऱ्यातला सगळ्यात रसरशीत रंग बघा, बहुतेक वेळा तो ओठ, कान किंवा नाकाचा शेंडा असतो, बॅकग्राउंड त्याच्यापेक्षा मळका ठेवा. ट्यूबमधून काढलेला सेरुलियन (आकाशी निळा) किंवा व्हिरिडियन (थंड हिरवा) तसाच मागे लावला की चेहरा कितीही चांगला रंगवलेला असो, आधी रंग दिसतो मग माणूस. कुठलाही रंग मळका करायला त्याचा विरुद्ध रंग चिमूटभर घाला, निळ्यात बर्न्ट सिएना (नारिंगी-तपकिरी), हिरव्यात लाल, जांभळ्यात ऑकर. काळा घालूनही होतं पण मग सगळे बॅकग्राउंड एकाच घरातले दिसायला लागतात.

हा नियम मोडण्याचं एक कारण मला मान्य आहे, ते म्हणजे रंगातूनच काहीतरी म्हणायचं असेल तर. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये एका बेल्जियन चित्रकार मित्राचं पोर्ट्रेट केलं तेव्हा भावाला पत्रात लिहिलं होतं की खोलीच्या साध्या भिंतीऐवजी मागे अनंत अवकाश रंगवणार, हाताशी असेल तेवढा जोरदार, गहिरा निळा. तिथे तो निळा चेहऱ्याची पार्श्वभूमी म्हणून नाही, त्या माणसाबद्दलचं मत म्हणून आलाय. असं काही मनात असेल तर बिनधास्त भडक जा, पण मग चेहऱ्यातले रंगही त्या ताकदीचे हवेत, मागे व्हॅन गॉग आणि पुढे पासपोर्ट फोटोतली त्वचा असं करू नका.

काळा बॅकग्राउंड हा वेगळाच विषय आहे कारण मागणी त्यालाच सगळ्यात जास्त असते. नाट्यमय दिसतो, खरंय. पण ट्यूबमधला काळा सपाट लावला की चेहऱ्यामागे हवा राहत नाही, भोक पडल्यासारखं दिसतं. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळा, मस्त खोल गडद मिळतो, अंबर जास्त घातला तर उबदार, निळा जास्त घातला तर थंड, आणि एकाच बॅकग्राउंडमध्ये एका बाजूने दुसऱ्या बाजूला असं सरकता येतं. डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी, साधारण १६६५ ची, आज आपल्याला काळ्यासमोर दिसते आणि काळ्या बॅकग्राउंडचं उदाहरण म्हणून सगळे तीच दाखवतात. पण मूळात तिच्यामागे गडद थरावर हिरवा ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर, होता, आणि २०१८ मध्ये चित्राची जी तपासणी झाली तिच्यात हिरव्या पडद्याच्या घड्यांच्या खुणाही सापडल्या, काळाच्या ओघात तो हिरवा गेला. म्हणजे इतका शांत दिसणारा अंधारसुद्धा नुसता काळा नव्हता.

सपाट एकच रंग की उतरता? मी जवळपास नेहमी उतरता ठेवते, पण फरक एका टोनचा, फार तर दीडचा. कोपरे थोडे गडद, सावलीच्या गालामागे थोडा उजेड. वेलाझकेझचंच पाब्लो दे वायादोलिदचं पोर्ट्रेट, साधारण १६३५ चं, त्यात जमीन आणि भिंत यांच्यामध्ये रेघच नाही, पायापाशी सावली तेवढी आहे, तरी माणूस भक्कम उभा आहे. १८६५ मध्ये फ्रेंच चित्रकार एदुआर माने याने ते बघून लिहिलं की बॅकग्राउंड नाहीसाच होतो, माणसाभोवती हवा आहे. ती हवा येते रंगात केलेल्या बारीक बदलांमुळे. मोठा ब्रश घ्या आणि थोडा गरम, थोडा थंड असे एकाच टोनचे रंग शेजारी शेजारी लावा, फार घोळवू नका.

कपड्यांचं पटकन सांगते. कपड्याचाच रंग मळका करून मागे घेतला की चित्र शांत होतं, विरुद्ध रंग मळका करून घेतला की थोडी ठिणगी येते, दोन्ही चालतं. डोळ्यांच्या रंगाशी बॅकग्राउंड मॅच करा असा सल्ला बऱ्याचदा ऐकायला मिळतो, मला तो अजिबात पटत नाही, डोळ्याचं बुबुळ चित्रात केवढं, आणि मागची जागा केवढी.

ठरवलेला रंग आधी तपासायचा. पारदर्शक प्लॅस्टिक शीट घ्या, ओव्हरहेड प्रोजेक्टरला वापरायचे तसली, ती वाळलेल्या चित्रावर ठेवा आणि तिच्यावरच बॅकग्राउंडचा रंग लावून लांब जाऊन बघा, नाही आवडला तर पुसा. हे नसेल तर कागद रंगवून डोक्याच्या कडेने फाडून शेजारी धरा. फोनवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा, चेहरा आणि मागची जागा एकच राखाडी झाली असेल तर नुसत्या रंगाच्या भरवशावर आहात, टोन हलवा. डिजिटलवाल्यांचं सोपं आहे, वेगळा लेयर घ्या आणि स्लायडर फिरवून बघा, पण तिथेही हातात आधी ब्राइटनेसचा स्लायडर घ्या, ह्यूचा (रंग बदलणारा) नंतर. आणि दिवसाच्या उजेडात एकदा, रात्री दिव्याखाली एकदा बघा, पिवळ्या दिव्याखाली निळसर राखाडी मरतो.

लावताना सगळ्यात जास्त बिघडते ती कड. चेहरा पूर्ण करून मग बारीक ब्रशने कडेकडेने बॅकग्राउंड भरत गेलात तर डोक्याभोवती एक पट्टा तयार होतो आणि चेहरा कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा बॅकग्राउंड केसांच्या आत थोडा शिरू द्या आणि ओल्यातच केसांचा रंग त्याच्यावर बाहेर ओढा. सावलीतल्या जबड्यापाशी दोन्ही रंग एकमेकांत जाऊ द्या, उजेडातल्या गालाची कड तेवढी तीक्ष्ण ठेवा. आणि बॅकग्राउंडचाच रंग थोडा मानेच्या सावलीत, केसांच्या चमकेत, शर्टाच्या घडीत वापरा, मग माणूस त्याच खोलीत बसलाय असं वाटतं.

माध्यमाप्रमाणे थोडं बदलतं. वॉटरकलर वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे गडद बॅकग्राउंड ओला असताना वाटतो त्याच्यापेक्षा जास्त गडद लावावा लागतो आणि तोही शक्यतो एका दमात. ॲक्रिलिक उलट, वाळून थोडा गडद होतो, शिवाय लवकर वाळतो म्हणून रंग भरपूर मिक्स करून ठेवा, अर्ध्यात संपला तर तीच शेड परत जुळवणं महाकठीण. ऑइलमध्ये अंबरचे गडद भाग वाळले की मॅट आणि राखाडी पडतात, घाबरून त्याच्यावर आणखी गडद लावू नका, वाळलेल्या भागावर अगदी पातळ तेल चोळून जास्तीचं पुसा किंवा रिटच व्हार्निश (काम चालू असताना द्यायचं पातळ व्हार्निश) द्या, मूळ टोन परत दिसेल, मग ठरवा.

आता ज्यांचा चेहरा तयार आहे आणि मागे पांढरं आहे त्यांच्यासाठी. एकदम गडदावर उडी मारू नका, कारण चेहरा पांढऱ्याकडे बघून रंगवलेला आहे. सावलीतल्या गालापेक्षा एक टोन उजळ असा मळका राखाडी-हिरवट किंवा राखाडी-तपकिरी आधी सगळीकडे पातळ लावा. दोन दिवस तसंच ठेवून बघा. चेहरा आता आधीपेक्षा फिका वाटेल, तर मधले टोन, म्हणजे गालाची बाजू, कपाळाची कड, नाकाची बाजू, हे थोडे खाली आणा, आणि त्यानंतरच बॅकग्राउंड आणखी गडद करायचा का ते बघा. ऑइलचा चेहरा असेल तर मागे ॲक्रिलिक लावायचा मोह टाळा, तेलावर तो धरत नाही, नंतर पापुद्रे निघतात.

फोटोवरून काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. फोटोतला बॅकग्राउंड तुमच्यावर बंधनकारक नाही, पण तो काढून टाकला तरी त्याचा उजेड चेहऱ्यावर उरलेला असतो. बागेत काढलेल्या फोटोत हनुवटीच्या खाली आणि मानेवर हिरवा उजेड पडलेला असतो, निळ्या भिंतीसमोरच्या फोटोत गालाच्या कडेला निळी झाक असते. मागे तपकिरी करून ती हिरवी हनुवटी तशीच कॉपी केलीत तर बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही पण खटकतं. तेव्हा नवीन बॅकग्राउंड ठरवला की त्याच क्षणी फोटोवर पेन्सिलने खुणा करा, कुठे कुठे जुना रंग चेहऱ्यावर आलाय, हनुवटीची खालची बाजू, कानामागे, केसांची कड, चष्म्याची काच असेल तर ती, आणि तिथे तिथे नवीन बॅकग्राउंडचा रंग त्वचेत मिसळून लावा.